घडवायची चक्रं, शोधायची चक्रं : प्रस्तावना

अठराव्या शतकात भास्करराय मखी सुरतेला आले ते दीक्षेसाठी. महाराष्ट्रीय ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या, काशीत शिकलेल्या या पंडितांनी तापीकाठच्या या शहरात शिवदत्त शुक्ल यांच्याकडून श्रीविद्येचा, म्हणजे ललितादेवीच्या तांत्रिक उपासनेचा, पूर्णाभिषेक घेतला आणि भासुरानंदनाथ हे दीक्षानाम धारण केलं. पुढे ते तंजावरच्या मराठा राज्यात कावेरीकाठी स्थायिक झाले. ललितासहस्रनामावरचं त्यांचं ‘सौभाग्यभास्कर’ हे भाष्य आजही त्या स्तोत्रावरचा अखेरचा शब्द मानलं जातं. सुरतेचा इतिहास सांगताना आपण वखारी, जरी, हिरे आणि शिवाजी महाराजांची स्वारी एवढ्यावर थांबतो. शाक्त परंपरेच्या नकाशावरही हे शहर एक महत्त्वाचं ठाणं होतं, हे इथल्या मराठी माणसालासुद्धा सहसा ठाऊक नसतं.

आज याच शहरात चक्रांबद्दल भरपूर बोललं जातं. योगवर्गात, सोसायटीच्या हॉलमधल्या शिबिरात, मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रांत तीच आकृती दिसते: पद्मासनातला एक माणूस आणि त्याच्या पाठीच्या कण्यावर इंद्रधनुष्याच्या क्रमानं लावलेले सात रंग. खाली लाल, वर जांभळा. मूलाधार म्हणजे सुरक्षितता, स्वाधिष्ठान म्हणजे कामभावना, मणिपूर म्हणजे आत्मविश्वास, अनाहत म्हणजे प्रेम. पैसा टिकत नसेल तर मूलाधार ‘ब्लॉक’ आहे, घसा दुखत असेल तर विशुद्ध ‘बॅलन्स’ नाही. सात खड्यांचं ब्रेसलेट मिळतं, आणि ते खडे पुष्कळदा इथून फार लांबून आलेले नसतात. रतनपूरच्या खाणींतला अकीक घडवणारे खंभातचे कारागीर शतकानुशतकं मणी बनवत आले आहेत. आता ते चक्रांचे संचही घडवतात आणि ते जगभर जातात.

भास्कररायांची चक्रं आणि ही चक्रं यांची नावं एक आहेत. बाकी जवळजवळ सगळं वेगळं आहे. ते वेगळेपण नेमकं कुठे आहे, ते केव्हा आणि कोणाच्या हातून आलं, हे मराठीत एका ठिकाणी मांडावं म्हणून हे पुस्तक लिहिलं.

सुरुवात संख्येपासून करू, कारण नव्या वाचकाला पहिला धक्का तिथेच बसतो. ‘प्राचीन भारतीय सप्तचक्र पद्धती’ अशी एकच एक पद्धती संस्कृत ग्रंथांत नाही. बौद्ध हेवज्रतंत्रात चार चक्रं आहेत. शैवांच्या नेत्रतंत्रात सहा आहेत, पण ती जन्म, नाभी, हृदय, तालू, बिंदू आणि नाद अशी. आपल्या ओळखीची नावं तिथे नाहीत. गोरक्षनाथांच्या नावावर असलेल्या सिद्धसिद्धांतपद्धतीत नऊ आहेत. मूलाधार, स्वाधिष्ठान, मणिपूर, अनाहत, विशुद्ध, आज्ञा हे परिचित षट्क साधारण दहाव्या शतकाच्या सुमारास कुब्जिका या देवीच्या उपासनेतल्या कुब्जिकामततंत्रात स्पष्टपणे पुढे येतं आणि तिथून हळूहळू इतरत्र पसरतं. पतंजलींच्या योगसूत्रांत नाभिचक्राचा ओझरता उल्लेख आहे, चक्रांची मालिका नाही. योगसूत्रांच्या आधारानं चक्रं शिकवणाऱ्या वर्गांची संख्या पाहता ही साधी गोष्ट वारंवार सांगायला हवी.

ग्रंथकारांना ही विसंगती खटकत कशी नव्हती? एक आचार्य सहा सांगतो, दुसरा नऊ, आणि त्यावरून मोठी भांडणं झालेली दिसत नाहीत. न्याय आणि मीमांसेत अक्षराअक्षरावरून वाद घालणारी ही माणसं इथे इतकी शांत का? याचं उत्तर सापडलं की या विषयाची किल्ली हाती येते. हे ग्रंथ बहुतांशी शरीरात काय आहे याची जंत्री देत नाहीत; साधकानं काय करायचं ते सांगतात. इथे अमुक पाकळ्यांचं कमळ ध्यावं, त्या पाकळ्यांवर अमुक अक्षरं ठेवावीत, मध्ये अमुक देवता बसवावी, असे ते विधी आहेत. संध्येत बोटांनी अंगाला स्पर्श करत न्यास करतात तो आपल्या घरांतून अजून पूर्ण गेलेला नाही. चक्रांची कल्पना त्याच कुळातली आहे. ज्या देवतेची उपासना, तिच्या परिवारात जितक्या शक्ती, तितकी आसनं देहात रचायची. उपासना बदलली की रचना बदलणार. म्हणून चार, सहा, नऊ यांत भांडण नव्हतं. ती चक्रं साधनेत घडवायची होती. आपण मात्र ती शरीरात शोधू लागलो, आणि माझ्या मते सगळा फरक या एका वळणातून निघतो.

पाकळ्यांचा हिशेब बघा. मूलाधार चार, स्वाधिष्ठान सहा, मणिपूर दहा, अनाहत बारा, विशुद्ध सोळा, आज्ञा दोन. बेरीज पन्नास. ‘अ’पासून ‘क्ष’पर्यंतची मातृका, म्हणजे संस्कृत वर्णमाला, पन्नास अक्षरांची. सोळा स्वर कंठाशी विशुद्धात, ‘क’ ते ‘ठ’ हृदयात, ‘ड’ ते ‘फ’ नाभीशी, ‘ब’ ते ‘ल’ त्याखाली, ‘व’ ते ‘स’ तळाशी आणि ‘ह’, ‘क्ष’ भुवयांमध्ये. साऱ्या विश्वाची उत्पत्ती वाणीतून झाली असं मानणाऱ्या उपासकानं स्वतःच्या देहावर ती वाणीच मांडली आहे. आधुनिक चित्रांत पाकळ्या शिल्लक आहेत. अक्षरं बहुधा पुसली गेली आहेत. अक्षरांवाचून पाकळ्यांच्या संख्येला काही कारणच उरत नाही.

लं, वं, रं, यं, हं ही बीजंही आज चक्रांचे मंत्र म्हणून शिकवली जातात. मुळात ती पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश या भूतांची बीजं आहेत. भूत जिथे ध्यायचं तिथे त्याचं बीज. आणि भूतांच्या जागाही सर्वत्र सारख्या नाहीत: षट्चक्रनिरूपणात स्वाधिष्ठानात जल आणि मणिपुरात अग्नी आहे, तर सौंदर्यलहरीत नेमकं उलट.

रंगांबद्दल तर शंकेला जागाच नाही. आज प्रमाण मानलं जाणारं षट्चक्रनिरूपण बंगालच्या पूर्णानंद यतींनी शके १४९९, म्हणजे १५७७ साली लिहिलेल्या श्रीतत्त्वचिंतामणीचं एक प्रकरण आहे. त्यात मणिपुराच्या पाकळ्या मेघासारख्या सावळ्या आहेत, अनाहताच्या लाल आहेत, मूलाधारातला पृथ्वीचा चौकोन पिवळा आहे. अनाहत हिरवं नाही आणि मणिपूर पिवळं नाही. इंद्रधनुष्याचा क्रम संस्कृतात कुठेच नाही.

शुक्रवारी किंवा नवरात्रात ललितासहस्रनाम म्हणणाऱ्या आपल्या आयाबहिणींच्या तोंडी मात्र जुनी रचना अजून जिवंत आहे. त्या स्तोत्राच्या मध्यावर सात योगिनींची वर्णनं येतात. विशुद्धात डाकिनी, अनाहतात राकिणी, मणिपुरात लाकिनी, स्वाधिष्ठानात काकिनी, मूलाधारात साकिनी, आज्ञेत हाकिनी, सहस्रदळात याकिनी. प्रत्येकीकडे देहाचा एक धातू सोपवलेला आहे, त्वचेपासून शुक्रापर्यंत, आणि प्रत्येकीचं आवडतं अन्न ठरलेलं आहे: डाकिनीला पायस, लाकिनीला गुळाचा भात, काकिनीला दहीभात, साकिनीला मुगाचा भात, हाकिनीला हळदीचा भात. चक्र म्हणजे जिथे कुणीतरी राहतं आणि तिला नैवेद्य दाखवायचा असतो अशी जागा. आजच्या भाषेत त्या जागी ‘एनर्जी’ राहते. तिला भूक नाही, तिला नाव नाही, तिच्याशी नातं जोडता येत नाही.

आता महाराष्ट्राच्या मातीकडे येतो, कारण या विषयातलं सर्वांत रोचक साहित्य मला इथेच सापडलं. देवगिरीच्या यादवांचा सिंघण राजा १२१० ते १२४७ या काळात राज्य करत होता. त्याच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवांनी संगीतरत्नाकर लिहिला. ग्रंथ संगीताचा, पण नाद देहात उपजतो, म्हणून आधी देह समजून घ्यावा या आग्रहानं त्यांनी पहिल्याच अध्यायात गर्भापासून धातू, नाड्या आणि चक्रांपर्यंत सगळं सांगितलं. त्यांची चक्रं दहा. ओळखीच्या सहांत ललना, मनस, सोम आणि सहस्रपत्र अशी आणखी चार. आणि इथे एक गोष्ट अशी आहे जी माझ्या मांडणीला सोपी ठेवत नाही. शार्ङ्गदेव पाकळीपाकळीला भावना जोडतात. मणिपुराच्या दहा पाकळ्यांवर झोप, तृष्णा, ईर्ष्या, चहाडी, लाज, भय, घृणा, मोह अशी यादी आहे. तेव्हा चक्रांना मनोवृत्ती जोडणं ही पूर्णपणे पाश्चात्त्य करामत आहे, हे काही अभ्यासकांच्या लेखनातून बनणारं मत टिकत नाही.

पण शार्ङ्गदेव त्या यादीचं काय करतात ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. जीव या पाकळ्यांवरून फिरत राहतो आणि ज्या पाकळीवर असेल ती वृत्ती उठते, असं ते सांगतात. मग गायकाच्या कामाचं बोलतात: अनाहताच्या पहिल्या, आठव्या, अकराव्या आणि बाराव्या पाकळीवर जीव असता गाणं साधतं, चौथी, सहावी आणि दहावी पाकळी त्याला मारक. एका चक्राला एक स्वभावगुण, तो कमी-जास्त झाला की दुरुस्ती, असा हिशेब तिथे नाही. भयही आहे, झोपही आहे, तृष्णाही आहे. माणूस त्यांतून हिंडतो. मनाविषयीची ही समज मला आजच्या तक्त्यांपेक्षा कितीतरी सूक्ष्म वाटते. या पुस्तकात त्या उताऱ्याला सर्वांत जास्त पानं दिली आहेत, ती जाणूनबुजून.

संगीतरत्नाकरानंतर काही दशकांतच, शके १२१२, म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी झाली. सहाव्या अध्यायात ज्ञानदेव मूळ गीतेत नसलेला कुंडलिनीचा प्रवास विस्तारानं सांगतात. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती या परंपरेतून आलेली ही विद्या त्यांनी मराठीत खुली केली. त्या वर्णनात जागी झालेली कुंडलिनी भुकेली असते. ती देहातलं मांस खाते, धातू पिते, पृथ्वी आणि आप ही भूतं गिळते. मग तृप्त होते, देहाला नवी कांती येते, आणि शेवटी तीही उरत नाही. संस्कृत तंत्रांतली भूतशुद्धीही याच दिशेची: पृथ्वी जलात, जल अग्नीत, अग्नी वायूत, वायू आकाशात विरवत न्यायचा. चक्रं ही या विलयाच्या वाटेवरची ठाणी आहेत. त्यांचा ‘समतोल’ राखायचा नसतो. ती मागे टाकत जायची असतात. निरोगी, यशस्वी, संतुलित संसारासाठी चक्रसाधना हे समीकरण ज्ञानदेवांना ओळखू आलं नसतं. बाराव्या अध्यायात त्यांनी या वाटेवरचे कष्टही सांगितले आहेत, आणि वारकरी परंपरा पुढे नामाकडे वळली.

मग चक्रं घडवण्याऐवजी शरीरात शोधण्याचं ते वळण आलं कुठे? एकोणिसाव्या शतकातला एक प्रसंग मला या विषयाचा दुवा वाटतो. टंकाऱ्यात जन्मलेले दयानंद सरस्वती तरुणपणी हठयोगाचे ग्रंथ बाळगून उत्तरेत हिंडत होते. गंगेत वाहत आलेलं एक प्रेत त्यांनी ओढून घेतलं, सुरीनं चिरलं आणि ग्रंथांतली वर्णनं समोर ठेवून पाहिलं. कमळं सापडली नाहीत. त्यांनी ते ग्रंथ फाडून प्रेताबरोबर नदीत सोडले. ही हकीकत त्यांनी स्वतःच ‘द थिऑसॉफिस्ट’ या मासिकात आलेल्या आत्मकथनात सांगितली आहे. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे. पण चक्र डोळ्यांना दिसलं तरच खरं, ही कसोटी त्या ग्रंथांची नव्हती. ती नव्या काळाची होती. त्यानंतर शिकलेल्या हिंदूंपुढे दोनच रस्ते उरले: दयानंदांसारखं सोडून द्यायचं, किंवा चक्रं शरीरात दाखवून द्यायची.

दुसरा रस्ता पुष्कळांनी धरला, आणि त्यात आपलीच माणसं आघाडीवर होती. बामनदास बसूंनी चक्रांना मज्जातंतूंच्या जाळ्यांशी जोडलं. मुंबईचे डॉक्टर वसंत गंगाराम रेळे यांनी १९२७च्या ‘द मिस्टीरियस कुंडलिनी’मध्ये कुंडलिनी म्हणजे उजवा व्हेगस मज्जातंतू असं प्रतिपादन केलं. त्याला प्रस्तावना लिहिली कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश राहिलेल्या सर जॉन वुड्रॉफ यांनी. पूर्णानंदांचा ग्रंथ १९१९मध्ये ‘द सर्पंट पॉवर’ म्हणून इंग्रजीत आणणारे तेच. रेळ्यांचं कौतुक करूनही कुंडलिनी म्हणजे मज्जातंतू नव्हे, असं वुड्रॉफ यांनी नोंदवलं. शरीरशास्त्राच्या बाजूला मराठी डॉक्टर आणि तंत्राच्या बाजूला इंग्रज न्यायाधीश, असा तो प्रसंग आहे. परंपरा एतद्देशीय आणि विकृती परदेशी अशी सोपी विभागणी करणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

नर्मदेपासून दक्षिणेकडे पसरलेला आपला हा पट्टा तर आधुनिक योगाची एक जन्मभूमीच. नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदास राहत. त्यांचे दोन शिष्य: सुरतेच्या दक्षिणेला देगाम गावी जन्मलेले मणिभाई देसाई, म्हणजे श्री योगेंद्र, ज्यांनी १९१८मध्ये वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट काढली, आणि डभोईत जन्मलेले मराठी जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, ज्यांनी १९२४मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापलं आणि क्ष-किरणांसह योगक्रियांच्या चाचण्या सुरू केल्या. योगाला प्रयोगशाळेत आणणं ही त्यांची थोर कामगिरी. तिच्यामुळेच योग म्हणजे शरीराची गोष्ट ही समजूत पक्की झाली, हेही तितकंच खरं.

आणखी एक धागा सुरतेहून निघतो. डिसेंबर १९०७मध्ये इथे काँग्रेस फुटली. अधिवेशनानंतर अरविंद घोष बडोद्याला गेले आणि तिथे विष्णु भास्कर लेले या मराठी योग्यानं त्यांना मन निःशब्द करायला शिकवलं. पुढे श्रीअरविंदांनी आपल्या योगात चक्रांना जाणिवेच्या पातळ्या मानलं आणि शक्ती वरून खाली उतरत ती उघडते असं सांगितलं. परंपरेची दिशा त्यांनी उलटवली, पण उघडपणे, ही आपली वेगळी वाट आहे असं सांगून. नवं करण्याची ही रीत मला आदर्श वाटते. सुरतेच्या दक्षिणेलाच समुद्रकाठी नारगोळ आहे. मराठी ख्रिस्ती घरात जन्मलेल्या निर्मलादेवींनी ५ मे १९७० रोजी तिथे सहस्रार उघडल्याचं सांगून सहजयोगाची सुरुवात केली. त्यात चक्रं हाताच्या बोटांवर जाणवतात, आणि कुंडलिनीजागृती शिबिरात जमलेल्या सर्वांना खुली आहे.

पश्चिमेतला प्रवास थोडक्यात सांगतो. थिऑसॉफिस्ट लेडबीटर यांचं ‘द चक्राज’ १९२७चं. अतींद्रिय दृष्टीनं पाहिल्याचं सांगत त्यांनी स्वाधिष्ठानाच्या जागी प्लीहेचं चक्र घातलं. अ‍ॅलिस बेली यांनी चक्रांना अंतःस्रावी ग्रंथी जोडल्या. १९३२मध्ये कार्ल युंग यांनी झुरिकमध्ये चक्रांवर व्याख्यानं देऊन त्यांना मनाच्या विकासाचे टप्पे केलं. सात रंगांचा क्रम रुळला तो १९७०च्या दशकातल्या अमेरिकेत; त्यात क्रिस्टोफर हिल्स यांच्या १९७७च्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. १९८७मध्ये अ‍ॅनोडिया जुडिथ यांच्या ‘व्हील्स ऑफ लाइफ’नं हे सगळं एका तक्त्यात बसवलं. तोच तक्ता ‘आपली पाच हजार वर्षांची विद्या’ म्हणून आपल्याकडे परत आला आहे.

हे आता सांगणं मला निकडीचं वाटतं. एक कारण अगदी व्यावहारिक आहे. गळ्याला सूज आलेल्या बाईला विशुद्ध चक्र साफ करायला सांगितलं जातं आणि थायरॉइडची तपासणी लांबणीवर पडते. उदासीनतेत बुडालेल्या मुलाला त्याचं अनाहत बंद आहे असं सांगितलं जातं. अशा सल्ल्याला प्राचीन ग्रंथांची मोहर लागते तेव्हा घरचे लोक प्रश्न विचारत नाहीत. ती मोहर खोटी आहे, हे त्यांना आपल्या भाषेत वाचायला मिळालं पाहिजे. दुसरं कारण परंपरेचं. गुरू, मंत्र, देवता आणि विलय हे चारही काढून घेतल्यावर जे उरतं त्यालाच आपली मुलं तंत्र समजू लागली, तर भास्कररायांचं भाष्य वाचायला उद्या कोणी उरणार नाही.

याचा अर्थ नव्या चक्रांतून कुणाला शांतता मिळत असेल तर ती खोटी, असं मी म्हणत नाही. परंपरेनं स्वतःच दर शतकात नवी रचना केली. माझा आग्रह एवढाच की नव्याला नवं म्हणावं आणि त्याचा कर्ता कोण ते सांगावं.

या पुस्तकात कुब्जिकामतापासून सौभाग्यभास्करापर्यंतचे निवडक उतारे मराठी अर्थासह दिले आहेत आणि त्यांच्या शेजारी एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या लेखकांचं म्हणणं ठेवलं आहे, म्हणजे वाचकाला स्वतःच तुलना करता येईल. मराठी अर्थ देताना ‘ऊर्जा’ हा शब्द टाळला आहे. ग्रंथात जिथे शक्ती, देवी, वायू किंवा नाद आहे तिथे तेच ठेवलं आहे. दीक्षेवाचून करू नयेत असं ग्रंथच सांगतात ते प्रयोग गाळले आहेत, आणि कोणत्याही व्याधीवरचा उपाय यात नाही. काश्मीरच्या त्रिक परंपरेला आणि तिबेटी ग्रंथांना इथे न्याय देता आलेला नाही. त्यांना स्वतंत्र पुस्तक हवं.

वाचकानं क्रमानं वाचलंच पाहिजे असं नाही. गाणाऱ्यानं संगीतरत्नाकरापासून सुरुवात करावी, वारकऱ्यानं ज्ञानेश्वरीच्या प्रकरणापासून. घरात ललितासहस्रनामाची पोथी असेल तर योगिनींचं प्रकरण तिच्याशेजारी ठेवून वाचावं. योगशिक्षकांना मात्र एक विनंती आहे: रंगांच्या इतिहासाचं प्रकरण आधी वाचा, आणि पुढच्या वर्गात तो तक्ता भिंतीवर लावाल तेव्हा त्याखाली त्याचं साल लिहा.

सुरत